मेलबर्न फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकांना खुले पत्र: आधी पुढची फळी बांधा

फेब्रुवारी २०२६

प्रति,
मुख्य प्रशिक्षक स्टीव्हन किंग आणि मेलबर्न फुटबॉल क्लबची प्रशिक्षक मंडळी

सप्रेम नमस्कार.

एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगचा, मोसम तोंडावर आलाय. प्रशिक्षक नवे, नियम नवे, आणि २०२१ची ट्रॉफी ज्यांच्या खांद्यावरून आली त्यातले दोन खांदे दुसऱ्या क्लबात गेलेत. क्रिश्चन पेट्राका गोल्ड कोस्टला गेला, क्लेटन ऑलिव्हर जीडब्ल्यूएसला. त्यामुळे जो तो एकच विचारतोय, की आता मधल्या फळीत चेंडू जिंकणार कोण? आमच्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न गेली तीन-चार वर्षं तसाच पडून आहे: जिंकलेल्या चेंडूचं पुढे आपण करतो काय?

पत्र मराठीत लिहितोय, कारण ते तुमच्याइतकंच आमच्या मराठी मंडळींसाठीही आहे. एमसीजी त्यांना क्रिकेटमुळे तोंडपाठ आहे. पण त्याच मैदानावर हिवाळ्यात खेळणाऱ्या या क्लबच्या माणसांनी १८५९ साली या खेळाचे पहिले नियम लिहून काढले, हे पुष्कळांना माहीत नसतं. नव्यानं बघणाऱ्यांना एवढं सांगितलं की पुरे: मैदानावर एका बाजूचे अठरा खेळाडू, मधल्या दोन उंच खांबांतून पायानं मारलेला गोल सहा गुणांचा, बाजूच्या खांबातून गेला तर बिहाइंड, एक गुण. गुणफलकावर ७.११ लिहिलं असेल तर सात गोल, अकरा बिहाइंड, म्हणजे ५३ गुण.

हा ५३चा आकडा मुद्दाम घेतला. २०२३च्या फायनल्समध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या निर्णायक फेऱ्यांत, पात्रता सामन्यात कॉलिंगवुडविरुद्ध आपण पन्नासच्या कमानीत (गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या रेषेच्या आत) ६९ वेळा शिरलो, ते ३७ वेळा. तरी निकाल ६०-५३, हार. पुढच्याच आठवड्यात कार्लटनविरुद्ध ९.१७, ७१ गुण, आणि हार दोन गुणांनी. दोन सामन्यांत मिळून १६ गोल, २८ बिहाइंड. चेंडू मिळत नव्हता असं कोणी म्हणू शकणार नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला तो शेवटच्या पन्नास मीटरांत. २०२४ आणि २०२५मध्ये आपण चौदाव्या क्रमांकावर घसरलो, तेव्हा कारणं आणखी वाढली. पण हे मूळ दुखणं तेव्हाही होतंच.

ते का होतं, हे नीट पाहायला हवं. स्टॉपेजमधून, म्हणजे थांबलेला चेंडू पुन्हा खेळात येतो त्या झटापटीतून, आपण चेंडू काढायचो आणि डोकं वर न करता पुढे हाणायचो. तो उंच जायचा, लांब जायचा आणि गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर, बहुतेक वेळा एका बाजूच्या पॉकेटकडे, म्हणजे गोलशेजारच्या कोपऱ्याकडे पडायचा. तिथे कॉलिंगवुडचा डार्सी मूर किंवा कार्लटनचा जेकब वाइटरिंग वाटच बघत असायचा. उंच, रेंगाळत येणारा चेंडू म्हणजे इंटरसेप्ट करणाऱ्या, मधेच चेंडू पकडणाऱ्या बचावपटूला आयतं कोलीत. मार्क, म्हणजे किकचा झेल, त्यानं घेतला नाही तरी मुठीनं ठोसून बाहेर काढला, की पुन्हा पॉकेटमध्ये थ्रो-इन, पंच सीमारेषेवरून चेंडू आत फेकणार. पुन्हा आपणच जिंकायचो, पुन्हा तिथूनच घाईत मारायचो, आणि बिहाइंड. ६९ वेळा शिरूनही गुण कमी पडले ते असेच. एकाच कोपऱ्यातून चार वेळा मारलं आणि पदरात गुण एक किंवा शून्य.

भूमितीही आपल्या विरुद्ध होती. दोन गोलखांबांमधलं अंतर ६.४ मीटर. समोरून मारलं तर अख्खं मिळतं. पंचेचाळीस अंशांवरून पाहिलं तर साधारण साडेचार मीटर उरतं, साठ अंशांवरून निम्मं, ३.२ मीटर. म्हणजे पॉकेटमधून चाळीस मीटरवरचा सेट शॉट (मार्क किंवा फ्री किकनंतर थांबून मारलेला) हा समोरून ऐंशी मीटरवरून नेम धरण्यासारखा आहे. मारणाऱ्याचा पाय कितीही चांगला असो, अशा वीस शॉटमधून बिहाइंड पडणारच. नेमबाजीचा सराव वाढवा असं सगळेच सांगतात, पण शॉट कुठून घ्यायला मिळतो हे बदललं नाही तर सरावानं फारसं हाती लागणार नाही.

म्हणून आमची पहिली विनंती: संघ बांधताना पुढच्या फळीपासून मागे या. आधी ठरवा की चेंडू कुठे उतरवायचा आहे. मग तिथे तो कोण देईल ते, आणि त्या देणाऱ्याला चेंडू कोण मिळवून देईल ते शेवटी.

माणसं आहेत. ब्रोडी मिहोचेक कॉलिंगवुडहून आलाय. तो फार उंच नाही, पण त्याच्यासारखा लीड मारणारा, म्हणजे गोलकडून चेंडूवाल्याकडे धाव घेत येणारा फॉरवर्ड आपल्याकडे बरीच वर्षं नव्हता. त्याला गोलसमोर उभं करू नका. त्याची जागा कमानीच्या रेषेवर, गोलपासून पंचेचाळीस ते साठ मीटर, आणि शक्यतो मैदानाच्या मधल्या पट्ट्यात. जेकब व्हॅन रूयन सर्वांत खोल, गोलस्क्वेअरच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या तोंडाशी. बेली फ्रिच या दोघांच्या मध्ये, बाजूनं तिरपा लीड घेणारा. २०२१च्या अंतिम सामन्यात त्यानं सहा गोल केले ते डोक्यावरच्या गर्दीत मार्क घेऊन नव्हेत, तर मोकळ्या जागेत योग्य क्षणी पोचून. त्या जागा आज त्याला मिळत नाहीत, कारण दुसरा कोणीतरी आधीच त्याच जागेत धावून आलेला असतो आणि सोबत आपला बचावपटूही घेऊन आलेला असतो.

लीडची वेळ हे सगळ्यात नाजूक काम. चेंडूवाल्यानं डोकं वर केलं आणि पहिलं सरळ पाऊल टाकलं, की लीड सुरू. त्याआधी धावलात तर तो मारेपर्यंत तुम्ही त्याच्या अंगावर पोचलेले असता, आणि पंधरा मीटरपेक्षा कमी अंतराच्या किकवर मार्क मिळत नाही. उशिरा धावलात तर मूरसारखा माणूस पुढे येऊन मूठ घालतो. दोघांनी एकाच दिशेनं लीड घ्यायचा नाही, हे शाळेतल्या मुलांनाही शिकवतात. तरी आपल्या फॉरवर्ड्सकडून ते वारंवार होतं, कारण कोणाचा लीड पहिला हे ठरलेलं नसतं. क्रम ठरवून टाका: पहिला मिहोचेक. तो मोकळा नसेल तर त्यानं उलट वळून बाहेरच्या बाजूला पळायचं आणि मागची जागा फ्रिचला रिकामी करून द्यायची. दोघेही झाकले गेले तरच उंच चेंडू व्हॅन रूयनवर.

त्या तिसऱ्या पर्यायात व्हॅन रूयनचं काम मार्क घेणं एवढंच नाही. समोरच्या संघाचा जो इंटरसेप्ट करणारा आहे त्याला जागचा हलू न देणं, हे त्याहून मोठं. चेंडू हवेत असताना त्याच्या शरीराला शरीर लावून उभं राहायचं, म्हणजे त्याला मोकळी उडी मिळत नाही. चेंडू खाली पडला की कामं तिघांची. एक जण झुंजीच्या पुढे तीन ते पाच मीटरवर, तोंड गोलकडे. एक मागे, गोलच्या बाजूला, डोक्यावरून घसरणाऱ्या चेंडूसाठी. तिसरा बाहेरच्या अंगाला, बचावपटू चेंडू घेऊन निसटणार त्या वाटेवर. केड चँडलर या तिसऱ्या जागेला फार चांगला आहे. त्याच्या टॅकलमुळे चेंडू आत कोंडला जातो, आणि ते काम गुणफलकावर दिसत नाही म्हणून त्याला बाहेर बसवू नका.

आता मॅक्स गॉन. उंची २०८ सेंटिमीटर, वय ३४, कर्णधार, आणि अजूनही लीगमधल्या उत्तम रकमनपैकी, म्हणजे वर टाकलेल्या चेंडूसाठी उडणाऱ्यांपैकी एक. किंग, तुम्ही स्वतः रकमन म्हणून जीलाँगकडून २००७ची प्रीमियरशिप (लीगचं विजेतेपद) खेळलात, तुम्हाला रकचं काम आम्ही काय सांगणार! पण यंदाचे नियम त्याच्या कामाचा पोत बदलतायत. सेंटर बाउन्स, म्हणजे मध्यावर चेंडू आपटून खेळ सुरू करणं, गेलं; पंच आता चेंडू वर फेकणार. दोन्ही रकमननी मधली रेषा ओलांडून आधीच एकमेकांना भिडायचं नाही. याचा फायदा धावत येऊन उंच उडणाऱ्या तरुण, हलक्या रकमनना जास्त होईल. अंग लावून, प्रतिस्पर्ध्याला जागेवरून हलवून टॅप मारणाऱ्याचं (हातानं चेंडू सहकाऱ्याकडे ढकलणाऱ्याचं) एक हत्यार कमी झालं. गॉनकडे उंची आणि हाताची समज दोन्ही आहे, त्यामुळे तो निभावून नेईल. मात्र प्रत्येक सेंटरला तोच उडतोय, तोच उतरतोय, असं चौथ्या क्वार्टरपर्यंत चालणार नाही.

इथेच एक मोह उभा राहतो. सबस्टिट्यूटचा नियम गेला, बेंचवर आता पाच जण. पाचवा माणूस म्हणजे दुसरा पूर्णवेळ रकमन घेऊ, असं वाटणं साहजिक आहे. २०२३ची आठवण ठेवा. ब्रोडी ग्रंडीला कॉलिंगवुडहून आणून गॉनबरोबर खेळवलं. दोघेही अव्वल, पण दोघेही रक. एक जण रकला असायचा तेव्हा दुसरा पुढच्या फळीत उभा. तिथे तो लीड घेत नव्हता, आणि जमिनीवर पडलेल्या चेंडूमागे त्या अंगानं धावणंही शक्य नव्हतं. समोरच्या संघानं काय केलं? ज्या बचावपटूला त्याच्यावर ठेवलं होतं त्यालाच मोकळं सोडलं, आणि आपल्या किकवर इंटरसेप्टला दोन माणसं मिळवली. फायनल्समध्ये ग्रंडी संघात नव्हता, वर्षअखेरीस तो सिडनीला गेला. २०२१मध्ये हेच जोडकाम ल्यूक जॅक्सनबरोबर जमलं होतं, कारण जॅक्सन चेंडू जमिनीवर पडल्यावर मिडफिल्डरसारखा पळायचा. जोडी जमायची तर दुसऱ्याकडे रकखेरीज दुसरं एक पुरतं काम हवं, हाच त्यातला फरक.

म्हणून दुसऱ्या रकची वाटणी अशी असावी असं आम्हाला वाटतं. सेंटर आणि मैदानाच्या मधल्या भागातले स्टॉपेज गॉनकडे. आपल्या पुढच्या पन्नासमधले थ्रो-इन आणि बॉल-अप (पंच चेंडू वर टाकतो ती झुंज) व्हॅन रूयनकडे. तो तिथेच असतो, त्याला धावत यावं लागत नाही, आणि टॅपनंतर तो लगेच फॉरवर्ड होतो. त्या वेळी गॉननं पुढे धावायचंच नाही. त्यानं झुंजीच्या मागे एका किकच्या अंतरावर, मधल्या पट्ट्यात थांबायचं. समोरच्या संघानं घाईत बाहेर मारलेला चेंडू तिथेच येतो, आणि तिथे २०८ सेंटिमीटरचा माणूस उभा असेल तर तो चेंडू परत आपला. २०२१च्या उपांत्य सामन्यात गॉननं जीलाँगविरुद्ध पाच गोल केले, ते सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण त्याचं वर्षभराचं मोठं काम हे मागच्या जागेतलं होतं. धोका एकच: व्हॅन रूयनला रकमध्ये वीस टक्क्यांपेक्षा जास्त वापरलं तर त्याचे खांदे-गुडघे झिजतात, आणि चौथ्या क्वार्टरला उडी उरत नाही. ती मर्यादा कागदावर लिहून बेंचवर चिकटवा.

बेंचच्या हिशेबाचंही तसंच. अदलाबदलीची मर्यादा ७५ आहे. पाच माणसं बसली म्हणून ती वाढलेली नाही. शेवटच्या दहा मिनिटांसाठी सात राखून ठेवल्या तर ६८ उरतात, क्वार्टरला १७. त्यातल्या दहा मिडफिल्डर आणि विंगला (मधल्या फळीच्या कडेच्या खेळाडूंना), चार छोट्या फॉरवर्ड्सना, दोन गॉनला (बाहेर जाणं एक, परत येणं दुसरी) आणि एक बचावफळीला. मिडफिल्डर पाच-सहा मिनिटांच्या फेऱ्यांत पळवायचे असतील तर याहून सैल सोडता येत नाही. पहिल्या क्वार्टरला बावीस-तेवीस उडवल्या, की शेवटी दमलेला माणूस मैदानावर अडकून पडतो आणि सामना तिथेच हातचा जातो.

मधल्या फळीबद्दल थोडक्यात. जॅक वायनी आणि सेंट किल्डाहून आलेला जॅक स्टील, दोघेही झुंजार, दोघेही टॅकलचे राजे. पण दोघांचा पिंड एकच. दोघांना प्रत्येक सेंटरला एकत्र उभं केलं तर चेंडू जिंकला जाईल, बाहेर मात्र निघणार नाही. तिघांत एक आत शिरून चेंडू काढणारा, एक मागच्या बाजूला राहून प्रतिस्पर्धी निसटला तर अडवणारा, एक बाहेर घेऊन पळणारा, अशी विभागणी हवी. स्टीलला मागची जागा द्या, समोरच्या सर्वोत्तम मिडफिल्डरच्या शेजारी. आतलं काम वायनी आणि हार्वी लँगफर्ड आलटून पालटून. बाहेरचं ट्रेंट रिव्हर्स आणि कायसाया पिकेट.

पिकेटवर मात्र थांबावंच लागेल. २०२५मध्ये तो मधल्या फळीत आला आणि पेट्राकाच्या नसण्याची पोकळी भरून निघेल असं आता सगळ्यांना वाटू लागलंय. पहिल्या चार पावलांत तो कोणालाही मागे टाकतो, त्यामुळे सेंटरमधून चेंडू त्याच्या हातात आला तर पाच सेकंदांत तो कमानीवर असतो. पण त्याला पूर्णवेळ मिडफिल्डर केलात तर गोलसमोर जमिनीवरचा चेंडू उचलणारा या देशातला सर्वोत्तम माणूस तुम्ही स्वतःहून गोलपासून ऐंशी मीटर दूर नेता. आमचा आग्रह चाळीस टक्क्यांचा आहे: दर क्वार्टरचा पहिला बॉल-अप, समोरच्यांनी लागोपाठ दोन गोल केल्यावरचा बॉल-अप, आणि ज्या वेळी वायनी बेंचवर आहे ती मिनिटं. बाकी वेळ तो पुढे. चौथ्या क्वार्टरला तर निम्म्याहून जास्त वेळ पुढेच, कारण दमलेल्या बचावपटूसमोर ताजा पिकेट ही सामना फिरवणारी गोष्ट आहे.

नव्या नियमांपैकी आपल्याला सर्वांत जास्त भोवू शकेल तो बाहेर जाणाऱ्या चेंडूचा. दोन्ही कमानींच्या मधल्या भागात किक किंवा हँडबॉल (एका हातात धरून दुसऱ्या मुठीनं मारलेला पास) केलेला चेंडू, इतर कोणाचाही स्पर्श न होता, सीमारेषेबाहेर गेला तर समोरच्या संघाला फ्री किक. आपली वर्षानुवर्षांची सवय काय? मागे कोंडी झाली की सीमारेषेच्या कडेनं लांब चेंडू गॉनच्या दिशेनं मारायचा. मार्क मिळाला तर उत्तम, नाही तर चेंडू बाहेर, थ्रो-इन आणि पुन्हा गॉनचाच टॅप. तो सुरक्षित मार्ग आता निम्मा बंद झालाय. मुठीनं ठोसून बाहेर गेला तर अजूनही थ्रो-इन मिळेल, कारण ठोसा म्हणजे किक किंवा हँडबॉल नव्हे. तेव्हा किक मोकळ्या जागेत नको, माणसाच्या अंगावर हवी. उतरण्याची जागा सीमारेषेच्या आत दहा-बारा मीटर धरा. तिथे झुंज झाली की कोणाचा ना कोणाचा हात लागतोच. केलेब विंडसर, एड लँग्डन, झेव्हियर लिंडसे या विंगवाल्यांनी रेषेला चिकटून उभं राहायची सवय सोडून झुंजीच्या आतल्या अंगाला यायचं, चेंडू बाहेर घरंगळायच्या आत अडवायला. सराव सामन्यांत यावरच सर्वाधिक फ्री किक जातील आणि त्यातल्या बहुतेक दमलेल्या हाफ-बॅकच्या, म्हणजे बचावफळीच्या पुढच्या ओळीतल्या खेळाडूच्या, पायातून जातील.

हाफ-बॅकवरून बचावफळीकडे येतो. २०२१ची बचावफळी अजोड होती. स्टीव्हन मे समोरच्या सर्वांत बलवान फॉरवर्डला एकट्यानं रोखायचा, हॅरिसन पेटी दुसऱ्याला, आणि जेक लीव्हर आपला माणूस सोडून तिसरा म्हणून हवेत उडायचा. पण लीव्हरला माणूस सोडता यायचा, कारण पुढे चेंडूवाल्यावर दाब असायचा. दाबाखाली मारलेली किक उंच आणि आंधळी असते, ती कुठे पडणार याचा अंदाज येतो. कबड्डीत साखळीतल्या एकाचा हात सुटला की रेडरला वाट मिळते, तसंच हे आहे: पुढच्या वीस खेळींत एकदा दाब सुटला, चेंडूवाल्यानं निवांत डोकं वर करून पाहिलं, की लीव्हरनं सोडलेला माणूसच त्याला मोकळा दिसतो. २०२४पासून आपण खाल्लेल्या कितीतरी गोलांत लीव्हर चुकला असं दिसतं. खरी चूक साठ मीटर पुढे झालेली असते.

याला उपाय ओरडण्याचा. गमतीनं म्हणत नाही, सगळ्या चांगल्या बचावफळ्या हेच करतात. सर्वांत मागच्या खेळाडूला अख्खं मैदान समोर दिसतं. चेंडूवाल्याचं डोकं खाली असेल तर त्यानं ‘जा’ म्हणायचं, वर असेल तर ‘माणूस’. ‘माणूस’ ऐकलं की लीव्हरनं चेंडूचा नाद सोडून आपल्या फॉरवर्डला चिकटायचं. हॉथॉर्नहून आलेल्या चँगकूथ जायथला धावायला मोकळीक द्या, पण त्याच्या धावेबरोबर कोण मागे थांबणार ते आधी ठरवून. जेक बोवी किंवा क्रिश्चन सेलम, दोघांपैकी एक जण कायम मागे. दोघांच्याही पायात सफाई आहे, पंचेचाळीस अंशांत आत मारलेली तिरपी किक त्यांच्याकडूनच यायला हवी. ती किक चुकली तर सरळ गोल खावा लागतो, म्हणून ती मारायच्या आधी मागे दोन माणसं मोकळी आहेत का, एवढं पाहिलं जावं. आहेत, तर बेधडक मारा. २०२३मध्ये कडेकडेनं रेंगाळत गेलो म्हणून समोरच्यांना बचावाची भिंत उभारायला वेळ मिळत गेला.

एक प्रसंग मांडल्यावाचून हे पत्र पुरं होणार नाही. २७ जुलै २०२५, सेंट किल्डाविरुद्ध मार्व्हल स्टेडियमवर. तिसऱ्या क्वार्टरअखेर आपण ४६ गुणांनी पुढे. या लीगच्या इतिहासात तिथून एवढी आघाडी कोणी गमावली नव्हती. आपण गमावली. बरोबरी झाली तेव्हा आठ सेकंद उरले होते. नेसाया वँगानीन-मिलेरानं बरोबरीचा गोल केल्यावर सेंटरला चेंडू टाकायच्या आधी आपल्याविरुद्ध फ्री किक दिली गेली, ६-६-६चा भंग म्हणून. २०१९पासून नियम असा: सेंटरच्या वेळी दोन्ही कमानींत सहा-सहा, मधल्या चौकोनात चार आणि विंगला दोन. पहिल्या भंगाला ताकीद मिळते, पुढच्याला फ्री किक. ताकीद आधीच मिळालेली होती. फ्री किकवरून चेंडू थेट वँगानीन-मिलेराकडे, मार्क, भोंगा आणि गोल.

ज्या प्रशिक्षकानं १९६४नंतरची पहिली प्रीमियरशिप मिळवून दिली त्या सायमन गुडविनना पुढच्या काही दिवसांतच जावं लागलं. आम्हाला दोष कोणा एका खेळाडूवर ढकलायचा नाही, कारण ही चूक पद्धतीतली आहे. गोल झाला की बेंचवरून बदल होतात. मिडफिल्डर बाहेर, त्याच्या जागी फॉरवर्ड मध्ये, फॉरवर्डच्या जागी बेंचवरचा, अशी तीन जणांची जागा एका वेळी हलते. तिघांपैकी एकाला निरोप उशिरा पोचला की एका कमानीत पाच आणि दुसरीकडे सात.

त्यासाठी साधे बंदोबस्त आहेत. शेवटच्या पाच मिनिटांत एका फळीतून दुसऱ्या फळीत जाणारा बदल करायचाच नाही. बॅकच्या जागी बॅक, मिडफिल्डरच्या जागी मिडफिल्डर. प्रत्येक फळीत एक मोजणारा नेमायचा, मागे लीव्हर, पुढे मिहोचेक, आणि सहा पुरे असतील तर त्यानं हात वर करून दाखवायचा. दोन्ही हात दिसल्याशिवाय वायनीनं चौकोनात जागा घ्यायची नाही. ताकीद मिळाली असेल तर तसा निरोप पुढच्या ब्रेकमध्ये अठराही जणांना तोंडी सांगायचा. आणि शेवटच्या सेकंदांचा सराव खरोखर मैदानावर व्हायला हवा: गुण समान, घड्याळात दहा सेकंद, चेंडू वर. त्या वेळी दोन्ही विंगवाले चेंडू वर जाताक्षणी मागे पळतात, स्टील रकच्या मागे गोलच्या बाजूला, गॉनचा टॅप पुढे नाही तर सरळ खाली पायांत, म्हणजे गर्दी होऊन वेळ संपेल.

भूमिकांबद्दल शेवटचं. पेटी २०२१मध्ये उत्तम बचावपटू होता, मग फॉरवर्ड झाला, मग परत मागे, मग परत पुढे. टॉम मॅकडोनाल्ड मागून पुढे गेला आणि २०१८मध्ये त्यानं ५३ गोल केले, म्हणजे बदल मुळात वाईट नव्हे. अँगस ब्रेशॉ विंगवरून हाफ-बॅकला सुंदर बसला होता. पण जमलेल्या बदलांना वेळ मिळाला होता, आणि फसलेले बहुतेक बदल दोन सामने हरल्यावर गुरुवारी संघ निवडताना झाले. बॅकचे डोळे चेंडूवर असतात, फॉरवर्डचे चेंडूवाल्याच्या पायावर. ही सवय आठवड्यात बदलत नाही. तेव्हा पेटीला एक टोक द्या आणि मोसमभर ते त्याचंच राहू द्या. आमचं मत मागच्या टोकाचं आहे. ‘केसी’ या आपल्या जोड क्लबकडून व्हीएफएल, म्हणजे खालची लीग, खेळणाऱ्या मुलांनाही ज्या जागेसाठी वर घ्यायचं आहे त्याच जागेवर तिथे खेळवा. तिथे मिडफिल्डर असलेल्या पोराला इथे पॉकेटमध्ये उभं करून तो चमकला नाही म्हणून परत पाठवणं, हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

सराव सामन्यांत निकालाकडे आम्ही बघणार नाही. बघणार आहोत ते तीन गोष्टींकडे: मिहोचेकचा पहिला लीड कुठून सुरू होतो, पुढच्या थ्रो-इनला गॉन कुठे उभा असतो, आणि कडेनं मारलेल्या किक रेषेच्या किती आत उतरतात.

आपले,
मेलबर्नमधले मराठी डीमन्स-समर्थक